तारीख नको, अडलंय कुठे ते सांगा

चिपळूण-खेडकडच्या माणसाला औषध कंपनी ही काही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही. लोट्याच्या एमआयडीसीत कुणाचा मुलगा शिफ्टला जातो, कुणाचा टेम्पो चालतो. आता निवृत्त मंडळींच्या डीमॅट खात्यातही औषध कंपन्यांचे शेअर आलेत. आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांनी अशाच एका कंपनीत पैसे घातलेत. तिच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळायची होती, "येत्या दोन तिमाहीत" असं कंपनीनेच सांगितलं होतं. ती मुदत कधीच उलटली. आता दर निकालाला एकच वाक्य येतं: "नियामकांशी संवाद सुरू आहे."

यावरून घरात दोन तट पडलेत. तरुण मंडळी म्हणतात, शेअर घेतला म्हणजे जोखीम आलीच, कुरकुर कसली? एसटीतून निवृत्त झालेले माझे थोरले काका फोनवर तावातावाने म्हणतात, "अरे, मंजुरी कधी येईल ते नको सांगूदेत. पण घोडं अडलंय कुठे, ते तरी सांगा!"

मी काकांच्या बाजूने आहे. न्यू जर्सीत राहून औषध उद्योगातली माणसं रोज भेटतात, त्यामुळे काकांची मागणी किती साधी आहे ते मला कळतं. अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामकाला, कारखान्याच्या तपासणीत खटकणाऱ्या गोष्टी आढळल्या, तर जाताना ते ४८३ नंबरच्या फॉर्मवर लिहून देतात. त्याला १५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं, अशी अपेक्षा असते. अर्ज आहे तसा मंजूर होण्याजोगा नसेल, तर त्रुटींची यादी असलेलं पत्र कंपनीच्या हातात पडतं. म्हणजे काय अडलंय ते कंपनीला मुद्द्यानिशी ठाऊक असतं. कारखान्यातली नोंदवही सुधारायची आहे की रुग्णांवर नव्याने चाचणी घ्यायची आहे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात काही महिने जातील, दुसऱ्यात वर्षं. "संवाद सुरू आहे" म्हटलं की दोन्ही झाकलं जातं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१५ मध्ये एफडीएच्याच संशोधकांनी अशी ६१ नकारपत्रं आणि त्यावर कंपन्यांनी काढलेली निवेदनं शेजारी-शेजारी ठेवून वाचली. ११ प्रकरणांत कंपनीने निवेदनच काढलं नव्हतं. १३ निवेदनांत पत्रातल्या एकाही मुद्द्याचा पत्ता नव्हता. शेवटी जुलै २०२५ मध्ये एफडीएने अशी दोनशेहून जास्त जुनी पत्रं स्वतःच लोकांसमोर ठेवली. अमेरिकेतल्या कंपन्याही आपखुशीने बोलत नाहीत, एवढं त्यातून दिसतं.

आपल्याकडे नियम आहे, आणि चांगला आहे. बाजार नियामक सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतला नियम ३० म्हणतो की महत्त्वाची घडामोड शेअर बाजाराला कळवायची, आणि ३०(७) म्हणतो की विषय मिटेपर्यंत पुढचं काय झालं तेही खुलाशासह कळवत राहायचं. २०२३ पासून तर तासांची मुदत घातली आहे: बाहेरून आलेली घडामोड असेल तर २४ तास. पण महत्त्वाचं काय, हे बऱ्याचदा कंपनीच ठरवते, आणि खरी पळवाट तिथेच आहे.

कोकणी माणूस उशिराला घाबरत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून बघतोय तो. चीड येते ती दर गणपतीला नवी तारीख देऊन मागच्या तारखेचं काय झालं ते न सांगण्याची. आणि एक गोष्ट मला फार खुपते. जनसुनावणी लागणारा प्रकल्प किनाऱ्यावर यायचा असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, सुनावणीचं इतिवृत्त पंचायतीत लावावं लागतं. गावकऱ्याचा तो हक्कच आहे, आणि तो पुरा पाळला जात नाही म्हणून लोक भांडतात तेही योग्यच. पण ज्याने पैसे घातले, त्याच्या वाट्याला इंग्रजीतली दोन गुळमुळीत वाक्यं का?

गेल्या वार्षिक सभेला मी ऑनलाइन बसलो होतो. तिकडे सकाळचे अकरा, इथे रात्रीचा दीड. बोलायचं तर नाव आधीच नोंदवावं लागतं. रत्नागिरीच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "पत्र आलंय की नाही, एवढंच सांगा." अध्यक्षांनी आभार मानले, कंपनीची परंपरा सांगितली आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. प्रतिस्पर्ध्यांना माहिती मिळेल, ही सबब इथे चालत नाही. औषधाचं सूत्र कुणीच मागत नव्हतं. हो किंवा नाही, एवढंच हवं होतं.

काकांना मी सांगितलंय की सभेची वाट बघू नका. कंपनी सेक्रेटरीला ३०(७) चा उल्लेख करून लेखी विचारा: पत्र आलं का, कोणत्या तारखेला, त्रुटी कारखान्याच्या की चाचणीच्या, उत्तर दिलं का. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोर्स या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुदा मी मराठीत लिहून पाठवलाय, त्याचं इंग्रजी माझी पुतणी करतेय.