"वीसच्या आत माणसं ठेवा, एक रुपया भरायचा नाही" म्हणे!

'छोट्या धंदेवाल्यांनो, वीसच्या आत माणसं ठेवा, पगारावर सरकारला एक रुपया द्यावा लागत नाही' असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय, खाली चार उपायपण दिलेत. माझं काम भोसरीतल्या छोट्या युनिटांचे पगार बघायचं, त्यामुळे कोणी ना कोणी तो पाठवतंच आणि विचारतं, खरंय का हो? त्यात एक तुकडा खरा आहे, त्याच्याच जिवावर बाकीचं खपतंय.

खरा तुकडा एवढाच की पीएफ २० माणसांपासून लागतो. आणि ते वीस मोजताना ठेकेदाराकडून आलेली पोरंपण धरतात, हे मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, १० माणसांपासूनच लागते, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे १६ हजारांवर त्याचे १२० आणि तुमचे ५२०. प्रेस मशीनवर कोणाचं बोट गेलं आणि तो ईएसआयसीत नसला तर दवाखाना आणि भरपाई कोणाच्या खिशातून जाते ते विचारा एखाद्या जुन्या मालकाला.

प्रोफेशन टॅक्सला, म्हणजे राज्य सरकारच्या व्यवसाय कराला, तर माणसांचा आकडाच नाही! महाराष्ट्रात एकच पुरुष कामगार असेल आणि पगार साडेसात हजारांच्या वर असेल तरी मालकाला पीटीआरसी नंबर (कामगारांचा हा टॅक्स कापून भरायची नोंदणी) घ्यावा लागतो. दहा हजारांपर्यंत महिना १७५, त्याच्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ आहे, तरी कित्येक ठिकाणी अजून सरसकट २०० कापतात, ते आधी थांबवा. लागू असलेला टॅक्स नाही कापला तर सुटलो असं नसतं, तो मालकाकडून वसूल होतो. शिवाय मालकाचा स्वतःचा प्रोफेशन टॅक्स (पीटीईसी) वेगळा, वर्षाला २५००.

उपाय एक, 'कामगाराला कन्सल्टंट दाखवा, १० टक्के टीडीएस कापा, विषय संपला.' (टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा इन्कम टॅक्स.) हा उपाय मला सगळ्यात जास्त खटकतो. सकाळी नऊला पंच करणारा, सुट्टीसाठी तुमची परवानगी मागणारा, दुसरीकडे कुठेच काम न करणारा माणूस कन्सल्टंट कसा? पीएफ-ईएसआयसीवाले व्हाउचरवर काय लिहिलंय ते नाही बघत, मस्टर (हजेरीपट) बघतात, आणि तो कामगारच आहे असं ठरलं की मागची थकबाकी व्याजासकट लागते. आणि त्या पोराचा विचार करा, २० हजारांत काम करतो, वर्षाचे २ लाख ४० हजार, इन्कम टॅक्स शून्य, तरी दर महिन्याला २ हजार कापायचे आणि ते परत मिळवायला त्याने रिटर्न भरत बसायचं. बचत तुमची, भुर्दंड त्याला.

उपाय दोन, रोख पगार. एका दिवसात एका माणसाला १० हजारांच्या वर रोख दिलेत तर तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत, म्हणजे त्या पगारावर टॅक्स तुम्हीच भरणार. पुढे.

उपाय तीन, '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, सबब टीडीएस नाही.' शॉपफ्लोअरपुरतं बऱ्यापैकी खरं. पण ती सूट फक्त इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये (नव्या पद्धतीत) आहे, कोणी जुनी निवडली तर हिशोब वेगळा. आणि प्रायव्हेट लिमिटेड काढून स्वतःच महिना दीड लाख पगार घेणारे डायरेक्टर हे हमखास विसरतात. तो पगारच आहे साहेब, टीडीएस कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), आणि तिमाही रिटर्न लांबलं तर दिवसाला २०० रुपये लेट फी.

उपाय चार, 'कापलेले पैसे अडीनडीला वापरा, नंतर भरता येतात.' भरता येतात हो, पण कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ किंवा ईएसआयसी न भरणं म्हणजे नुसता उशीर नाही, कायद्यात तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो. पार्टीचं पेमेंट अडकतं, महिनाअखेर हात रिकामे असतात, हे मला रोज दिसतं. म्हणून माझ्या लोकांना सांगतो की पगाराच्या दिवशीच कापलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाका आणि १५ तारखेला चलन भरेपर्यंत त्या खात्याचं चेकबुक ऑफिसात ठेवूच नका.