शिंपल्यांच्या पुडीबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आमची शिंपल्यांची पूड पॉलिएस्टर रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये) वजनाने 40 टक्के मिसळून आपण फळ्या ओतल्या, त्या स्क्रू पिळताच कडेला तडकल्या, भोक पाडताना केस जळल्यासारखा वास आला, आणि शिंपल्याच्या नावाखाली आम्ही साधा खडू विकतो, असे आपण लिहिले आहे. आपण तपशीलवार लिहिलेत, फोटोही जोडलेत, म्हणून नेमके कुठे बिघडले हे शोधता आले.

आपल्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना काढून त्यातली चिमूटभर पूड पाण्यावर टाकली, तर ती तरंगत राहिली. लेप नसलेली पूड लगेच भिजून तळाशी जाते. याचा अर्थ आपल्याकडे स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेली पूड आली. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनसारख्या वितळवून घडवायच्या प्लॅस्टिकमध्ये कणांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हा लेप देतात. पॉलिएस्टर रेझिनला मात्र त्या मेणचट पृष्ठभागावर धड पकड मिळत नाही. भिंगातून काढलेल्या आपल्या फोटोत तुटलेल्या कडेवर जे गुळगुळीत खळगे दिसतात, तिथून कण अलगद सुटून आले आहेत. पोत्यावर लेपाचा उल्लेख नव्हता. ही चूक सर्वस्वी आमची आहे.

वासाचेही तेच. शिंपल्यात थोडा प्रथिनांचा अंश असतो आणि दळण्यापूर्वी धुऊन, तापवून तो काढावा लागतो. या बॅचमध्ये ते काम अपुरे राहिले.

खडूबद्दल आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. शिंपल्याचा सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ असतो. मोत्यासारख्या चकाकीच्या थरात अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या प्रथिनांच्या पातळ पदरांमुळे तडा वाट बदलत जातो, म्हणून तो थर इतका चिवट असतो. परंतु शिंपला दळला की ती रचना मोडते आणि तिचा चिवटपणा पुडीबरोबर रेझिनमध्ये येत नाही. टाकून दिलेले कवच वापरात येते, हे या पुडीचे मोल आम्हाला मनापासून वाटते, पण तिच्यात खडूहून वेगळी जादू आहे असे आम्ही म्हणू नये.

पोत्यावरचा ‘मजबुती वाढवते’ हा शब्दही म्हणूनच चुकीचा होता. ही पूड ताठपणा वाढवते आणि रेझिन घट्ट होताना होणारे आकुंचन कमी करते. चिवटपणा मात्र सहसा घटतो, आणि प्रमाण जितके जास्त तितका अधिक. वजनाने 40 टक्के म्हणजे आकारमानाने जवळजवळ पाव हिस्सा. एवढी पूड घातलेली फळी वाकत नाही, पण स्क्रूच्या ताणाने तडकते. नवीन पोत्यांवर आम्ही ‘ताठपणा’ असेच छापत आहोत आणि लेप आहे की नाही हेही लिहीत आहोत.

आपल्याला लेप नसलेली, नीट तापवलेली बारीक पूड आम्ही विनामूल्य पाठवत आहोत. ती आधी पूर्ण वाळवून घ्यावी, सुरुवातीला 15 टक्क्यांच्या आसपासच घालावी आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर घालण्यापूर्वी तळ खरवडून ढवळावी, कारण ती रेझिनपेक्षा दुपटीहून जड असल्याने लवकर बसते. स्क्रू येतील त्या कडांना काचतंतूंची पट्टी घालावीच. आम्लाशी संबंध येणाऱ्या वस्तूंसाठी मात्र ही पूड वापरू नये. पहिला तुकडा ओतल्यावर तो स्क्रू लावून तपासावा आणि काय आढळले ते याच ठिकाणी लिहावे, ही विनंती.