ग्रीन पार्टीने जर्मनी बुडवली म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर आलं तेव्हा सोडून दिलं, पण काल तोच मेसेज मुलुंडच्या मामाने फॅमिली ग्रुपवर टाकला, वर "विचार करण्यासारखं आहे" असं लिहून. म्हणणं काय, तर जर्मनीत ग्रीन पार्टीने, म्हणजे तिथल्या पर्यावरणवादी पक्षाने, अणुभट्ट्या बंद करून देश बुडवला, 2025 ला जनतेने त्यांना हाकललं, जगभर हे पक्ष संपलेत, सगळे परदेशी पैशावर चालतात, आणि मुंबईत आरेचं जंगल वाचवा म्हणणारे आपले आरेवाले त्याच माळेचे मणी.

मामा, अणुभट्ट्यांचं आधी घेऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त फेकाफेक आहे. ग्रीन लोक अणुऊर्जेविरुद्धच्या आंदोलनातूनच आले आणि भट्ट्या बंद करण्याचा 2002 चा पहिला कायदा ते सत्तेत असताना झाला, एवढं खरं, मान्य. पण पुढचं मेसेजमधून बरोब्बर गाळलंय. 2010 मधे चान्सलर अँगेला मर्केलच्या सरकारने भट्ट्यांची मुदत वाढवली, मार्च 2011 मधे जपानमधे फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि त्याच बाईंनी यू-टर्न मारला. 30 जून 2011 ला जर्मन संसदेत मतदान झालं, 600 पैकी 513 जण बंद करण्याच्या बाजूने. सरकार कोणाचं? मर्केलचं, म्हणजे उजवीकडचं, ग्रीन तेव्हा विरोधी बाकांवर बसलेले. त्या कायद्यात शेवटची तारीख होती 2022 ची अखेर. आणि गंमत म्हणजे ग्रीन सत्तेत असतानाच शेवटच्या तीन भट्ट्या 15 एप्रिल 2023 पर्यंत चालल्या, म्हणजे ठरल्यापेक्षा साडेतीन महिने जास्तच!

आता 2025 ची निवडणूक. मार खाल्ला, हो. 14.7 टक्क्यांवरून 11.6 वर आले, घरातल्या हीटिंगच्या कायद्याचा त्यांनी घोळ घातला होताच. पण त्याच सरकारातले जोडीदार पक्ष बघा, एसपीडीवाले 25.7 वरून 16.4 वर आले आणि एफडीपी 4.3 वर येऊन संसदेतूनच बाहेर. तिघांत कमी आपटले ते ग्रीनच, 85 जागा आहेत अजून.

जगभर संपले? जर्मनीतल्या मर्सिडीज-पोर्शच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे, 2011 ला ग्रीन मुख्यमंत्री झाला आणि 2016, 2021 ला परत निवडून आला. ब्रिटनमधे 2024 ला चार खासदार. तिथे 1989 च्या युरोपियन निवडणुकीत जवळपास 15 टक्के मतं मिळून एकही जागा नव्हती, कारण पद्धत आपल्यासारखीच, जो पुढे तो जिंकला, बाकीची मतं पाण्यात.

परदेशी पैशाचा पुरावा मेसेजमधे शून्य, सोडा.

राहिले आरेवाले. ते पक्ष आहेत का? मुंबईत पर्यावरणावर खासदार निवडून येत नाही हे खरंय, 2014 ला ईशान्य मुंबईत, म्हणजे तुमच्याच मुलुंडच्या मतदारसंघात, मेधा पाटकर तिसऱ्या आल्या. पण 2019 ला भाजपसोबत सत्तेत असलेली शिवसेना आरेतल्या मेट्रो कारशेडला विरोध करत होती, मुख्यमंत्री झाल्याझाल्या उद्धव ठाकरेंनी त्याला स्थगिती दिली, आणि 2022 ला सरकार बदललं तसं कारशेड परत आरेत. हे काय जर्मनीच्या ग्रीन पार्टीने केलं?