हॉटस्पॉट नेट तयार करत नाही

काल रात्री आईने मला आणि भाच्याला एकच फॉरवर्ड पाठवला. "रेंज गेली तर हॉटस्पॉट चालू करा, फोन स्वतःच नेट तयार करतो. सिम नको, रिचार्ज नको. डोंगरात अडकलात तर हॉटस्पॉट रात्रभर चालू ठेवा, मदत येईल." खाली आईची ओळ: "ट्रेकला जाताना लक्षात ठेव रे." भाचा शनिवारी निघतोय, म्हणून हे आजच लिहितोय.

"फोन स्वतः नेट तयार करतो." साफ खोटं. हॉटस्पॉट लावला की फोन राउटर होतो. टॉवरकडून मोबाइल डेटा घेतो आणि वाय-फायने जवळच्या लॅपटॉपला देतो. ॲपलच्या सपोर्ट पानावरही पर्सनल हॉटस्पॉट म्हणजे फोनचं सेल्युलर डेटा कनेक्शन शेअर करणं, असंच सांगितलंय. तरी मी माझ्या अँड्रॉइडवर मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करून हॉटस्पॉट लावला. लॅपटॉप लगेच जोडला गेला, वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरल्या, आणि खाली 'नो इंटरनेट'. लोक फसतात ते इथेच. त्या कांड्या फोन ते लॅपटॉप एवढ्याच सिग्नलच्या असतात, टॉवरचं त्या काहीच सांगत नाहीत.

सिम आणि रिचार्जचं उत्तर यातच आलं.

एवढं मान्य की नेट नसतानाही हॉटस्पॉटवरून दोन फोन जोडून फाइल पाठवता येते, आणि काही फोन घेतलेलं वाय-फायही पुढे देतात. पण ते वाय-फाय कुठून तरी आलेलंच असतं.

डोंगराच्या सल्ल्याने मात्र जीव जाऊ शकतो. हॉटस्पॉटचं वाय-फाय थोड्याच मीटरपर्यंत पोहोचतं, ते शोधपथकाला दिसणार कसं? आणि रेंज नसलेला फोन टॉवर शोधत आधीच बॅटरी खातो, त्यावर हॉटस्पॉट म्हणजे पहाटेपर्यंत बॅटरी संपलेली.

भाच्या, नीट वाच. आधी ११२ हा आपत्कालीन नंबर लाव. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर हा कॉल बहुतेक वेळा त्यावरून जातो. नाही लागला तर एसएमएस करून बघ, नेट लागत नाही तिथेही तो कधीकधी निघतो. तेही नाही झालं तर फोन एअरप्लेन मोडवर टाक, आणि सुरक्षितपणे मोकळ्या, उंच जागी जाता आलं तरच परत चालू करून बघ. हॉटस्पॉटला हातही लावू नकोस.

आईने तो मेसेज डिलीट केलाय. तिला ज्या ग्रुपवरून आला, तिथे आता हे टाकतोय.