जुन्या पबच्या भिंतीत सिमेंट कोंबणाऱ्यांनो...

मंडळी, आज डोकं फिरलंय. लंडनमध्ये आमच्या भागातल्या कोपऱ्यावरच्या जुन्या व्हिक्टोरियन पबचे फ्लॅट होतायत. होऊ देत. पण परांचीवर एक जण ग्राइंडरने विटांच्या दरजा कापतोय आणि दुसरा त्यात सिमेंट कोंबतोय!

ही भिंत चुन्यात बांधलेली आहे हो. तिच्यातली ओल दरजांमधून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी विटेतून निघतं, लोणा फुटतो, आणि थंडीत तेच पाणी गोठलं की विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. काही वर्षांनी विटा आत खचलेल्या आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली. शिवाय ग्राइंडर विटेच्या कडा खातो ते वेगळंच. दरजा छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोल उकरायच्या. धूळ काढून पाणी मारायचं. एका भाग चुन्याला अडीच-तीन भाग भरड वाळू. वर ओलं गोणपाट टांगायचं, म्हणजे चुना घाईने सुकत नाही. पारा 5 अंशांखाली गेला तर काम बंद. वेळ लागतो, खर्चही जास्त येतो, मान्य. पण वाड्यांना सिमेंटचा गिलावा करून आपण काय मिळवलं ते बघितलंय ना सगळ्यांनी?

आत तर म्हणे सगळं 'ओपन प्लॅन' करणार. अरे, पब म्हणजे एक खोली नव्हतीच कधी! कामगारांचा पब्लिक बार, जरा बऱ्या कपड्यातल्यांचा सलून बार, आणि घरी बिअर न्यायला आलेल्यांसाठी वेगळी खिडकी. प्रत्येकाला रस्त्यावरून स्वतंत्र दार, म्हणून एका कोपऱ्यावर एवढी दारं. काउंटर मधोमध, म्हणजे थोडक्या माणसांत सगळीकडे वाढता येतं आणि लक्षही राहतं. काही ठिकाणी काउंटरवर तोंडाच्या उंचीला नक्षीच्या काचेची छोटी फिरती झडपं असत. ग्लास खालून सरकवायचा, कोण पितोय ते वाढणाऱ्याला दिसायला नको! अशी झडपं हल्ली क्वचितच उरलीत. आणि या पबची रस्त्याकडची दोन दारं ग्राइंडरवाल्याने विटांनी बुजवायलाही घेतलीत.

वापर बदलू नये असं नाही. लंडनमधल्याच सेंट जॉन्स वुडचं क्रॉकर्स फॉली हे जुनं पब-हॉटेल बघा. 1898 चं, वास्तुविशारद सी. एच. वर्ली. आत संगमरवरच संगमरवर. रेल्वेचं टर्मिनस दारात येणार म्हणून फ्रँक क्रॉकरने ते उभारलं, स्टेशन मॅरिलबोनला गेलं आणि त्याने खिडकीतून उडी मारली, अशी कथा. उडीबिडी काही नाही, 1904 मध्ये तो नैसर्गिक मरणाने गेला. पब 2004 मध्ये बंद पडला, बरीच वर्षं कुलूप, आणि 2014 मध्ये एका लेबनीज हॉटेलवाल्या कंपनीने ते पुन्हा उघडलं. संगमरवर जागेवर, छताची नक्षी जागेवर. जमतं, करायचं ठरवलं तर.

आणि दर्शनी भागातल्या झिलईच्या टाइल्स? धूर, काजळी, चिखल फडक्याने पुसला जावा म्हणून त्या लावल्या होत्या. त्यांच्यावर ऑइलपेंट फासलाय. आता तो वाळूच्या फवाऱ्याने काढू नका. झिलई जाईल आणि टाइलची आतली भाजकी माती पाणी पीत बसेल. रंग काढायचा लेप जाडसर लावा, वर प्लास्टिक, मग लाकडी पट्टीने अलगद खरवडा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. रंगाखालून तडकलेली टाइल निघाली तर तडकलेलीच राहू द्या. तिच्या जागी बाथरूमची टाइल चिकटवलीत तर मी ब्लॉक करणार आहे.