फ्लॅश मारा की!

कालपासून हे तीन शब्द डोक्यातून जात नाहीयेत.

हॉलमध्ये अंधार, कॅमेरा हातात. स्टँड लावायचा नाही, वाट अडते. फ्लॅश नको, वक्त्याच्या डोळ्यांवर येतो. लेन्स एफ २.८ वर पूर्ण उघडलेली, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४००, तरी शटर सेकंदाच्या १/६० च्या वर चढेना. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याने हात हलवला की फोटोत हात पुसला जातो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, त्याचा नाही. म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून, वक्ता कधी दम खातोय याची वाट बघत मी उभा. आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"फ्लॅश मारा की!"

"नाही काका, इथे चालत नाही."

"सेल गेला?"

"सेल आहे. परवानगी नाही."

"मग काळा येणार," काका म्हणाले, डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तसं. "थांबा, मी बघतो."

त्यांनी मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि हात उंच करून स्टेजच्या दिशेने धरला. आता अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. स्टेज कुठच्या कुठे. पुढच्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्यावर मात्र तो उजेड असा झकास पडला की पिना मोजून घ्याव्यात. अख्ख्या संध्याकाळीत नीट एक्सपोज होईल अशी तेवढीच एक गोष्ट.

"घ्या आता!"

"काका, तिथवर पोचत नाहीये."

"मला दिसतोय की वक्ता! तुम्हालाच कसा दिसत नाही?"

बाई वळल्या. टॉर्च काकांच्या हातात, पण बाईंनी डोळे वटारले ते माझ्याकडे. काकांनी तोवर मोबाइलनेच फोटो काढून माझ्या नाकासमोर धरला. फोन अशा अंधारात एकामागून एक फ्रेम घेतो आणि त्यांची गोळाबेरीज करतो. न हलणाऱ्या खांबाला ते मानवतं. त्यामुळे खांब लख्ख, पडद्याची चुणी न् चुणी लख्ख, आणि माइकमागे एक धुरकट डाग.

"बघा, उजेड कसा आलाय!"

आला होता. वक्ता तेवढा आला नव्हता.

काकांना निदान कळवळा तरी होता. स्टेजवर जांभळे एलईडी लावणाऱ्याला काय धाड भरली होती? त्या उजेडात हिरवा जवळजवळ नसतोच. मग कातडीचा रंग कॉम्प्युटरवर मी कुठून पैदा करू? शिवाय क्लिकचा आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावावं, तर लुकलुकत्या दिव्यांचे आडवे पट्टे चेहऱ्यावर. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकतात. १/१०० ठेवलं की पट्टे जातात आणि अंधार येतो. १/५० केलं की पुन्हा हात पुसला. आणि वर निरोप येतो, फोटो जरा ब्राइट पाठवा.

वक्त्याच्या समोरून, थोडा वरून, एक साधा पांढरा दिवा लागला असता. जांभळ्यांच्या वायरी अख्ख्या स्टेजभर फिरवायला ज्यांना वेळ मिळाला, त्यांना तेवढा एक जड झाला का?