नेम धरायला आधी काहीतरी सापडायला हवं

‘पित्तनलिकेचा कॅन्सर पसरला असला तरी केमोसोबत टार्गेटेड औषध दिलं की दुप्पट परिणाम. साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर मात्र सांगत नाहीत.’ हा मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला. यावेळी पाठवणाऱ्या काकांच्या घरात खरंच पेशंट आहे, म्हणून उत्तर लिहितोय.

आधी ‘दुप्पट’. हे कुणी करून पाहिलं नाही असं नाही, पुष्कळदा पाहिलंय. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत जेमसिटाबिन या नुसत्या एका केमोऐवजी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगतात तो काळ) ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेलं. म्हणजे तेव्हा फरक पडला तो दुसऱ्या केमोने. टार्गेटेड औषधं, म्हणजे गाठीतल्या विशिष्ट बिघाडावर नेम धरणारी, जोडून काय झालं? कोरियात केमोला अर्लोटिनिब जोडलं, तर दोन्ही गटांत तेच ९.५ महिने. फ्रान्स-जर्मनीत सेटुक्सिमॅब जोडलं. ते मिळालेले ११ महिने, न मिळालेले १२.४. सेडिरानिब आणि रामुसिरुमॅबनेही निराशाच केली. कारण फार गूढ नाही. यातली बरीच औषधं गाठीतला नेमका बिघाड न तपासताच सरसकट दिली गेली होती. नेमच नाही, तर बाण लागणार कशाला?

बिघाड सापडला तर गोष्ट वेगळी. यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये काही जणांत एफजीएफआर२ जनुकाची जोडणी बिघडलेली असते. अशा, आधी केमो होऊन गेलेल्या १०७ पेशंटना पेमिगॅटिनिबच्या गोळ्या दिल्या तेव्हा साधारण ३५ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आटल्या. आयडीएच१ या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडावरचं आयव्होसिडेनिबही असंच, केमोनंतर आणि एकटंच. मेसेजवाल्याने ‘नंतर’चं ‘सोबत’ केलं.

‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणाऱ्याने पेमिगॅटिनिबवरचा पेशंट पाहिलेला नसावा. रक्तातलं फॉस्फेट चढतं, नखं सुटतात, डोळे कोरडे पडतात. डोळ्यांची तपासणी वरचेवर करावी लागते. सेटुक्सिमॅबने तर चेहराभर मुरमांसारखं पुरळ येतं.

डॉक्टर लपवतात म्हणावं, तर केमोसोबत ड्युर्व्हालुमॅब देण्याचा पर्याय २०२२ पासून उघड आहे. पण ती इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध; टार्गेटेड नव्हे. फायदाही बेताचा: मध्यक ११.५ वरून १२.८ महिने. हां, दोन वर्षांनी हयात असणारे शंभरात १० होते, ते २५ झाले. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो.

काका, भांडायचंच तर तपासणीसाठी भांडा. एंडोस्कोपीतून ब्रशने खरवडून काढलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात की जनुकतपासणीला पुरतीलच असं नाही. मग रक्तावरून करता येते का ते विचारायचं. आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो आणि जो लॅबवाले छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात, तो कपाटात रिपोर्टांखाली पडलाय का बघा. सोमवारी ओपीडीला जाताना तो सोबत घ्या.